आधी करार, मग कुकर: पुण्यात पहिल्यांदा घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी

माझा मामेभाऊ जूनमध्ये नोकरीसाठी पुण्यात येतोय आणि घरच्यांनी त्याला सध्या फक्त स्वयंपाक शिकवायला घेतलंय. मला विचाराल तर हा क्रम उलटा आहे. वरण-भात कुणालाही आठवडाभरात जमतो. घराचा व्यवहार मात्र सुरुवातीलाच विस्कटला की पुढचे अकरा महिने निस्तरत बसावं लागतं. मी लातूरहून आले तेव्हापासून कर्वेनगर, वारजे, वाकड अशी घरं बदलत आलेय. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय.

पहिली गोष्ट पैशांची. पुण्यात दलाल साधारण एका महिन्याचं भाडं घेतो, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं असतं आणि पहिलं भाडं आगाऊ द्यावं लागतं. म्हणजे 18,000 रुपये भाड्याच्या घरात शिरताना 72 ते 90 हजार लागतात. तिघांत वाटले तरी पहिला पगार व्हायच्या आधी ही रक्कम हातात हवी. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन, म्हणजे घर धरून ठेवण्याचे आगाऊ पैसे, पाठवायचं नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, चावी कुरिअरने पाठवतो’ असं सांगणारा मालक भेटला तर फोन ठेवून द्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही पक्कं लक्षात असू द्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवा. उशीर होईल तसे पैसे पुढे सरकत जातात.

आता करार. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ‘स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करू, चालतंय की’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. चालत नाही. पुढे वाद झाला आणि नोंदणीकृत करार नसला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, अर्थात मालकाने उलट सिद्ध केलं नाही तर. ही गोष्ट मालकाला हसतमुखाने सांगितली की तो सहसा नोंदणीला तयार होतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून भर घालतात. वरच्या उदाहरणात ते पाचशे-सहाशेच्या घरात जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठा घेतो, त्याचे पैसे वेगळे. हा खर्च कोण करणार ते आधीच बोलून घ्या.

सही करण्याआधी करार सगळा वाचा, एजंट घाई करत असला तरी. लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे पैसे कुणी द्यायचे. या तिसऱ्या कलमात माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांचं डिपॉझिट अडकलंय. एका घरी माझ्याही डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले, भिंती होत्या तशाच असून. त्यामुळे सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढायचा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. नळ, पंखे, ओल आलेला कोपरा, सगळं. वीज मीटरचं रीडिंगही त्यातच घ्या. बिलावरचा ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपवर टाकला की आधीची थकबाकी दिसते. जुन्या भाडेकरूचं बिल आपल्या गळ्यात पडायला नको.

तिघं राहणार असाल तर करारात तिघांची नावं हवीत, आणि डिपॉझिट प्रत्येकाने आपापल्या खात्यातून मालकाला पाठवावं. मैत्री कितीही घट्ट असली तरी. एकाला मध्येच बंगळुरूची ऑफर येते, तो ‘माझा वाटा आत्ता द्या’ म्हणतो आणि मालक म्हणतो, सगळे निघाल की देतो. नवा येणारा जुन्याला थेट पैसे देईल की मालकामार्फत, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असलं की भांडण टळतं.

गॅसचं बघू. मालकाचं कनेक्शन नसेल तर नोंदणीकृत करार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. मोठ्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात हे मिळवायचं आणि डिलिव्हरीवाल्याकडून वजन करून घ्यायचं. वरच्या पट्टीवर ‘बी-27’ असं काही दिसेल, म्हणजे टाकीची पुढची तपासणी 2027 च्या एप्रिल ते जूनमध्ये. मुदत उलटलेली टाकी परत करा. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन.

विजेचं गणित सोपं आहे. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. पण 100 युनिटच्या पुढे दर चढतो, 300 च्या पुढे आणखी, त्यामुळे तिघांचा गीझर वेगवेगळ्या वेळी तासभर चालू राहिला की बिल बघून धक्का बसतो.

कचऱ्याचं एवढंच, ओला आणि सुका वेगळा ठेवा. दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो हाताने वेगळा करतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या.

आणि स्वयंपाक. पोळ्या विकत आणा, पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत आणि नोकरी करून रोज कणीक मळायचा हट्ट दोन आठवड्यांत मोडतो. कुकर मात्र घ्याच, तिघांना तीन लिटरचा पुरतो. साध्या तांदळाला दुप्पट पाणी, नव्या इंद्रायणीला थोडं कमी, नाहीतर गिचका होतो. शिट्टीचं भोक दर वेळी उजेडात धरून बघायचं. डाळीच्या फेसाने ते बुजतं.