घरातला रक्तपिपासू : सांगलीच्या मातीत व्हॅम्पायरकथा कशी लिहावी

व्हॅम्पायर म्हटलं की काळ्या झग्यातला, दूरदेशीचा परका माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याला बाजूला ठेवा. लोककथांतला व्हॅम्पायर आधी स्वतःच्याच घरी येतो. 1725 साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि मागोमाग गावात माणसं मरू लागली. ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या अहवालात नोंद आहे, की मेलेला नवरा घरी येऊन आपलं पायताण मागू लागला, तेव्हा बायको गाव सोडून गेली. मेल्यावरही हा माणूस हक्काने वहाणा मागतो. घरातल्या जाचावर लिहायचं असेल तर हा हक्क धरून चला.

पहिलं काम, तो काय पितो ते ठरवा. रक्त तर पितोच, पण त्याखेरीज? कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाची झोप? एकच निवडा. मी जमीन निवडेन. सांगलीजवळच्या हरिपुरातलं हळद व्यापाऱ्याचं घर, आणि त्यात न मरणारे आण्णा. ते मरत नाहीत म्हणून सातबाऱ्यावरचं नाव हटत नाही, वारसनोंद होत नाही, साठीला आलेला मुलगाही खर्चासाठी त्यांच्यापुढेच हात पसरतो. 2005च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला, त्यामुळे आण्णांच्या मुलीचं, म्हणजे नातवंडांच्या आत्याचं, हक्कसोडपत्र हवं. ती सही कशी घेतली जाते, "माहेर तुटेल बरं का" हे कोण म्हणतं, जेवणाआधी की जेवण झाल्यावर, हे सगळं लिहा. चाव्याच्या प्रसंगापेक्षा या प्रसंगाला जास्त पानं द्यावीत असं माझं ठाम मत आहे.

मग नियम. दोन-तीनच घ्या, आणि प्रत्येक नियमाने घरातल्या कुणाला तरी कामाला जुंपलं पाहिजे. 1897च्या 'ड्रॅक्युला'तला उमराव दिवसाढवळ्याही फिरतो. उन्हाने मरणं ही 1922च्या एका जर्मन मूकपटाची भर. ती घेतलीत, तर कचेऱ्या दिवसाच उघड्या असल्याने तलाठ्याकडे, बँकेत, मार्केट यार्डात आण्णांना नातवालाच पाठवावं लागतं. तो आधी त्यांचे हातपाय होतो, मग त्यांच्यासारखं बोलू लागतो.

बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम नातीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या दारात वापरा. ती घर सोडून गेली आहे. आण्णा बाहेर उभे, आणि तिच्याकडे राहायला आलेली आई म्हणते, "म्हातारं माणूस दारात उभंय, ये म्हण की गं." आण्णांना आत घेणारी आईच असते हे दाखवायला कचरू नका. लग्न होऊन आल्यापासून ती अशीच निभावत आली आहे. तिला खलनायिका करू नका.

दिवसा झोपायला शवपेटी नको. हरिपुरात पेवं आहेत : हळद साठवायचे जमिनीखालचे खोल खड्डे, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. पेव उघडलं की आधी हवा खेळू देतात, मग कंदील सोडून बघतात. ज्योत टिकली तरच माणूस उतरतो. श्वास न घेणाऱ्याला याहून चांगली जागा कुठली? नातीला सत्य कळतं तो प्रसंग इथेच घडवा. दोराने सोडलेला कंदील विझतो आणि खालून आवाज येतो, "कोण गं? जेवलीस का?"

हे "जेवलीस का" मनापासूनचं असू द्या. आण्णांची माया खरी ठेवा. नात तापाने फणफणलेली असताना ते रात्रभर उशाशी बसलेले असतात, आणि तरीही पितात. लाल डोळ्यांचा, खेकसणारा म्हातारा रंगवला की वाचकाला वाटतं, एवढं कळत होतं तर ही पोर निघून का गेली नाही? ज्यांनी असं घर भोगलंय त्यांच्यावर तो अन्याय होतो.

शेवटासाठी वाहतं पाणी हाताशी आहे. व्हॅम्पायरला ते आपल्या बळावर ओलांडता येत नाही, कुणी तरी न्यावं लागतं. ऑगस्ट 2019चा महापूर घ्या : अंधारून आलेली संध्याकाळ, पेवांत शिरलेलं कृष्णेचं पाणी, दाराशी बचावाची बोट, आणि "मला उचल" म्हणणारे आण्णा. नातीने काय करायचं ते तुम्ही ठरवा. मात्र तिच्या तोंडी माफीचं भाषण घालू नका, आणि सगळं कुटुंब एकदम सुटलं असंही दाखवू नका. आई आण्णांजवळ थांबणार असेल तर थांबू द्या.

खर्डा झाला की आण्णांची वाक्यं तेवढी वेगळ्या कागदावर उतरवून मोठ्याने वाचा. ज्यांत दात, रक्त किंवा तहान आहे त्यांतली निम्मी खोडा. उरलेली कुठल्याही घरात पंगतीला बसून बोलता येतील अशी आहेत का ते बघा. नसतील तर ती पुन्हा लिहा.