गाडीची काच फुटू नये आणि गाडीही जाऊ नये यासाठी काय काय करायचं

गाडी चोरीला जाणं आणि गाडी फोडून आतलं सामान जाणं, या दोन गोष्टी आपण एकाच दमात बोलतो, पण करणारी माणसं वेगळी असतात, त्यांची पद्धत वेगळी असते आणि म्हणून आपला बंदोबस्तही वेगळाच लागतो. काच फोडणाऱ्याला तुमच्या गाडीशी काही देणंघेणं नसतं, त्याला सीटवरची बॅग हवी असते, काम अर्ध्या मिनिटात उरकतं. गाडी नेणारा मात्र आधी हेरून ठेवतो, मॉडेल कोणतं, रात्री कुठे लागते, वॉचमन कधी झोपतो. बरेच जण एक अलार्म बसवून दोन्हीतून सुटलो असं समजतात आणि अलार्म वाजला तर सोसायटीत हल्ली कोणी खिडकीतून डोकावतही नाही. तर आधी काचेचं बघू, कारण त्याला जवळपास काहीच खर्च नाही.

१. गाडीत काहीच दिसू देऊ नका

काहीच म्हणजे खरंच काहीच नाही. लॅपटॉपची बॅग तर नाहीच, पण रिकामी सॅक, चार्जरची वायर, मोबाईलचा होल्डर, जिमची पिशवी, सीटवर टाकलेलं जाकीट, यातलंही काही नको. बॅगेत नुसता डबा आहे हे तुम्हाला माहितीये, बाहेरून बघणाऱ्याला नाही, तो आधी काच फोडतो आणि मग बॅग उघडून बघतो. कप होल्डरमधली टोलसाठीची चिल्लरसुद्धा काढा.

सामान डिकीत टाकायचं असेल तर निघतानाच टाका. टेकडीच्या किंवा गडाच्या पायथ्याशी गाडी लावायची, सगळ्यांसमोर डिकी उघडून पाकिटं, कॅमेरे आत ठेवायचे आणि मग तीन तास वर निघून जायचं, हे दर रविवारी दिसतं, आणि तिथे बसून बघणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे. एक थांबा आधी, पेट्रोल पंपावर वगैरे, सामान डिकीत हलवा आणि पायथ्याला पोचलात की फक्त गाडी लॉक करून चालायला लागा. हॅचबॅक असेल तर डिकीवरची पार्सल ट्रे काढून घरी ठेवू नका, ती नसली की मागच्या काचेतून सगळं सामान दिसतं.

काळी फिल्म लावली की आतलं दिसणार नाही असं काही जण सुचवतात. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मवर बंदी आणली, आणि नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायलाच हवा. तो रस्ता सोडून द्या.

पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असल्यामुळे ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात, एका जागी नेमका घाव बसला की अख्खी काच खड्यांसारखी खाली सांडते आणि आवाजही फार होत नाही. काच मजबूत आहे या भरवशावर सीटवर काही ठेवण्यात अर्थ नाही तो यामुळे.

२. लॉक झाली का ते हाताने बघा

चालता चालता मागे न बघता रिमोट दाबायची सवय सोडा. रिमोटचा सिग्नल अडवणारं यंत्र खिशात घेऊन कोणी जवळ उभा असेल तर तुम्ही बटण दाबता आणि गाडी उघडीच राहते, काच फोडायचीही गरज नाही. खटका ऐका, इंडिकेटर लुकलुकतात का बघा आणि एकदा दाराचं हँडल ओढून बघा. कीलेस गाडीत मात्र चावी खिशात असताना हँडल ओढलं की दार उघडतंच, तिथे आतल्या लॉकच्या खुंटीकडे किंवा आरशांकडे बघा. ज्या गाड्यांचे आरसे लॉक झाल्यावर आपोआप मिटतात त्यात उघडे आरसे म्हणजे गाडी उघडी, हे चोरांनाही माहीत असतं.

सिग्नलला किंवा गर्दीत कोणी काचेवर टकटक करून टायर पंक्चर आहे, ऑइल गळतंय, खाली तुमच्या नोटा पडल्यात असं सांगितलं तर लगेच उतरू नका. तुम्ही एका बाजूला वाकून बघता तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडून सीटवरची बॅग जाते, ही जुनीच युक्ती आहे पण आजही चालते कारण सांगणारा माणूस मदत करायला आल्यासारखा बोलतो. दारं लॉक ठेवा, हळूहळू पुढे जाऊन पेट्रोल पंपावर किंवा वर्दळीच्या दुकानासमोर थांबा, उतरताना इंजिन बंद, चावी हातात, गाडी लॉक, आणि मग टायर बघा. एटीएमसाठी, दुधाच्या पिशवीसाठी, मुलांना शाळेच्या गेटवर सोडायला उतरतानाही हेच. गाडी चालू ठेवून उतरणं मोटार वाहन कायद्यातही बसत नाही, आणि चावी आत असताना गाडी गेली तर विमा कंपनी निष्काळजीपणा म्हणून क्लेम अडवते.

३. चाव्यांचा हिशोब ठेवा

माझ्या मते या लेखातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. गाडीबरोबर दोन ओरिजिनल चाव्या मिळतात, त्यातली दुसरी कुठे आहे हे आत्ता उठून बघा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, एक नसेल तर ती कधी हरवली, तेव्हा पोलिसांत कळवलं का, असे प्रश्न सुरू होतात आणि क्लेम लटकतो. हरवली असेल तर आजच त्याची नोंद करा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हरवलेल्या चावीचं कोडिंग गाडीतून काढून नवीन चावी करून घ्या. स्पेअर चावी गाडीतच, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवणारे लोक आहेत, कृपया हे करू नका.

गॅरेजला, वॉशिंग सेंटरला, हॉटेलात गाडी लावून देणाऱ्या व्हॅलेला द्यायची असेल तर फक्त गाडीची चावी द्या, घराच्या चावीचा जुडगा नको आणि फ्लॅट नंबर लिहिलेली कीचेन तर अजिबात नको. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते तपासून जास्तीच्या काढून टाका आणि कनेक्टेड ॲप असेल तर जुन्या मालकाचं लॉगिन काढलंय याची खात्री करा, नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे त्याच्या फोनवर दिसत राहतं.

कीलेस, म्हणजे पुश बटणवाल्या गाड्यांचा एक वेगळा धोका आहे. चावी घरात दाराजवळच्या हुकला असते, एक जण तिच्याजवळ यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ, यंत्र चावीचा सिग्नल वाढवून गाडीपर्यंत पोचवतं आणि चावी जवळच आहे असं गाडीला वाटतं. उपाय सोपा आहे, चावी बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा आणि सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाही चालतो, पण तपासून, चावी डब्यात ठेवून डबा हातात घेऊन गाडीजवळ जा, दार उघडलं तर तो डबा उपयोगाचा नाही. बऱ्याच गाड्यांत सेटिंगमधून कीलेस बंदही करता येतं, मॅन्युअल एकदा चाळा.

४. गाडी न्यायला वेळ लागेल असं करा

आता गाडी नेणाऱ्याचा बंदोबस्त. कंपनीचा इमोबिलायझर असतो, चावीतल्या चिपशिवाय इंजिन चालू होत नाही, पण स्टिअरिंगखाली जो ओबीडी पोर्ट असतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो तो, तिथूनच नवीन चावी प्रोग्राम करून गाडी नेल्याची प्रकरणं आहेत. म्हणून इलेक्ट्रॉनिक गोष्टींवर एक लोखंडी गोष्ट हवी. गिअर लॉक किंवा स्टिअरिंग लॉक, दोन्हीपैकी एक तरी. मी आधी गिअर लॉक सुचवेन, बसवून घेतलेला असेल तर तो तोडायला आतलं कन्सोल उचकटावं लागतं. स्टिअरिंगचा दांडा लांबूनच दिसतो हा त्याचा फायदा, आळीत ओळीने दहा गाड्या उभ्या असतील तर चोर दांडा नसलेली बघतो. पोर्टवर लॉकचं झाकण बसवून मिळतं, तेही घ्या.

जीपीएस ट्रॅकर बसवायचा तर बॅटरी बॅकअप असलेला, वायर कापली तर फोनवर अलर्ट देणारा घ्या, आणि तो कुठे बसवायचा हे इंस्टॉल करणाऱ्याला स्वतः सांगा, कारण सगळे दुकानदार ठरलेल्या दोन-तीन जागीच बसवतात. त्यातल्या सिमचा रिचार्ज संपला की ट्रॅकर मेला, तारखेचा रिमाइंडर लावा. सामान शोधायचे ते छोटे टॅग सीटच्या फोमखाली लपवायला हरकत नाही, पण अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय असा इशारा ते चोराच्या फोनवरही देतात, त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

पार्किंगचं म्हणाल तर उजेडाखाली, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, चाकं वळवून आणि हँडब्रेक ओढून लावा. सोसायटीचा कॅमेरा असतो पण रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि रात्री नंबर प्लेट वाचता येते का, हे मीटिंगमध्ये विचारा.

मारुतीची ईको व्हॅन असेल तर एक वेगळं सांगायचंय. ईकोचा सायलेन्सर चोरीला जायच्या घटना पुणे जिल्ह्यात आणि इतरत्र खूप झाल्यात, कारण त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात आणि गाडीखाली हात सहज पोचतो. सकाळी गाडी चालू केली आणि ट्रॅक्टरसारखा आवाज आला की समजायचं. गॅरेजमधून त्याला लोखंडी जाळी किंवा क्लॅम्प वेल्ड करून घ्या आणि ती बाजू भिंतीला टेकून लावा. अलॉय व्हील असतील तर प्रत्येक चाकाला एक लॉक नट, त्याची किल्ली मात्र हरवू नका.

५. कागद गाडीत ठेवू नका

ओरिजिनल आरसी बुक आणि पॉलिसी घरी ठेवा, डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी पोलिसांना दाखवलेली चालते. चेसिस नंबर, इंजिन नंबर, गाडीचे चारी बाजूंनी फोटो, एखादा ओरखडा असेल तर त्याचाही, फोनमध्ये आणि घरच्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर बसवा, तिचं स्नॅप लॉक एकदा काढलं की परत वापरता येत नाही, त्यामुळे प्लेट बदलणं अवघड होतं.

पॉलिसीही उघडून वाचा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी असेल तर चोरीचा एक रुपया मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आणि चोरीही धरणारी असेल तर आयडीव्हीएवढे, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीएवढे मिळतात, आणि ती दरवर्षी कमी होते, चौथ्या वर्षात गाडीच्या किमतीतून घसाऱ्याचे ४० टक्के वजा होतात. नवीन गाडीला रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे बिलावरची किंमत मिळवून देणारं ॲड-ऑन घेण्यासारखं आहे. गाडीतला लॅपटॉप साध्या पॉलिसीत येत नाही. आणि फक्त एक काच फुटली असेल तर क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशोब करा, पाच वर्षांत जमलेली ५० टक्के सूट एका काचेपायी घालवणं बहुतेकदा परवडत नाही.

६. तरीही गेली तर

आधी टोइंगवाल्यांनी उचलली नाही ना हे ट्रॅफिक पोलिसांकडे विचारा. नसेल तर लगेच ११२ ला फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एफआयआर करा. हद्द आमची नाही असं म्हणाले तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी एफआयआर नोंदवून घेण्याचा आग्रह धरा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. पोलिसांच्या साइटवर हरवल्याची ऑनलाइन नोंद करता येते, पण ती एफआयआर नव्हे आणि क्लेमला चालत नाही.

फास्टॅग घाईने बंद करू नका. गाडी एखाद्या टोलवरून गेली तर पैसे कापल्याचा मेसेज तुम्हाला येतो आणि गाडी कोणत्या रस्त्याने चाललीय ते कळतं, तो मेसेज लगेच तपास अधिकाऱ्याला दाखवा, त्यांनी सांगितलं की मग बंद करा. ट्रॅकरवर गाडी दिसत असली तरी एकट्याने तिथे जाऊ नका.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. एफआयआर वेळेत केली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय, तरी उशीर करू नका. कर्ज असेल तर बँकेलाही सांगा, कारण पैसे आधी तिच्याकडे वळते होतात. पुढे पोलिसांकडून गाडी सापडत नाही असा अहवाल लागतो, आपल्याकडे त्याला अ समरी म्हणतात, त्याला महिने लागू शकतात म्हणून पाठपुरावा सोडू नका. शिवाय आरटीओचे फॉर्म २८, २९, ३० सही करून द्यावे लागतात, कर्ज असेल तर ३५ पण. गाडी मधेच सापडली तर कंपनीला कळवून कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, सोडवून घ्या, क्लेमचे पैसे मिळाल्यानंतर सापडली तर ती गाडी कंपनीची होते.