युवा महोत्सवातली पंधरा मिनिटं: शास्त्रीय गायनाची तयारी कशी करून घ्यावी

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी गायन शिकवते. युवा महोत्सवाचं पत्रक आलं की विभागातल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, कोणता राग घेऊ?" मी आधी त्यांना पत्रक मोठ्यानं वाचायला लावते. आमच्याकडची वाट अशी: आधी जिल्हास्तरीय महोत्सव, मग शिवाजी विद्यापीठाचा मध्यवर्ती महोत्सव, तिथून निवड झाली तर राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य', जो २००३ पासून होतो, आणि असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची विभागीय व राष्ट्रीय स्पर्धा. शेवटच्या पायरीवरचा नियम डोळ्यांसमोर ठेवून पहिल्या पायरीची तयारी करावी. शास्त्रीय गायनाला तिथे जास्तीत जास्त १५ मिनिटं मिळतात, साथीला दोघं, आणि वाद्यं लावून बसायला ५ मिनिटं. आपल्या पत्रकात वेळ कमी दिलेली असेल तर त्याप्रमाणे मांडणी बदलायची. वयाची अट, ओळखपत्र, बाहेरचा साथीदार चालतो की नाही, हेही त्याच दिवशी तपासून टाकावं.

आता राग. माझं मत ठाम आहे: जो राग विद्यार्थी किमान दोन वर्षं गातोय, तोच स्पर्धेला न्यावा. स्पर्धा जवळ आली की मुलांना मारवा, मुलतानी, बिलासखानी तोडी असे राग खुणावतात, कारण वरच्या वर्गातल्या कुणीतरी ते गाऊन बक्षीस आणलेलं असतं. मारव्यात पंचम नाही, षड्ज जपून लावायचा, सगळा भार कोमल ऋषभावर आणि धैवतावर. घाबरलेला विद्यार्थी आधार शोधत गंधार-निषादावर रेंगाळला की परीक्षकाला त्याच स्वरांचा पूरिया राग ऐकू येऊ लागतो, आणि तिथून मारव्यात परतणं विसाव्या वर्षी फार थोड्यांना जमतं. त्यापेक्षा भीमपलास, पटदीप, वृंदावनी सारंग, जौनपुरी, अल्हैया बिलावल असे राग घ्यावेत. त्यांत चुकलं तरी सावरता येतं आणि गळ्यातलं चांगलं ते दिसतं. सोपा राग गायला म्हणून गुण कापणारा परीक्षक मला भेटलेला नाही. अर्धवट पिकलेला अवघड राग ऐकून पेन खाली ठेवणारे मात्र पुष्कळ पाहिले.

दोन राग तयार ठेवा, एक सकाळचा आणि एक दुपारनंतरचा. गायचा क्रम चिठ्ठीनं ठरतो आणि स्पर्धा दहाला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालते. सकाळी अकराला यमन हा संध्याकाळचा राग गायला नियमाची आडकाठी नाही, पुष्कळ जण गातातही. पण परीक्षकाचा कान त्या वेळेला वेगळ्या स्वरांची वाट पाहत असतो, आणि त्या दिवशीचा तो चौथा यमन असण्याची शक्यता दांडगी. जौनपुरी आणि भीमपलास अशी जोडी मला आवडते. दोन्हीत गंधार-निषाद कोमल असल्यानं गळ्याची तयारी एकमेकांना पूरक होते, आणि जौनपुरीतला कोमल धैवत भीमपलासात शिरू न देण्याचा रियाजही आपसूक होतो.

आता वेळेचा हिशेब. हा मी फळ्यावर मांडून दाखवते, कारण इथेच बहुतेकांचं गाणं विस्कटतं. पंधरापैकी नऊ मिनिटं विलंबिताला, म्हणजे संथ लयीतल्या गायनाला, धरू. विलंबित एकताल गुरुजींच्या बैठकीत असतो तसा संथ ठेवला, म्हणजे मात्रा, तालातला एक ठोका, ४ सेकंदांची, तर बारा मात्रांचं एक आवर्तन, तालाची एक फेरी, ४८ सेकंदांचं होतं. नऊ मिनिटांत जेमतेम अकरा आवर्तनं. तेवढ्यात षड्जापासून वरच्या, म्हणजे तार षड्जापर्यंत बढत (रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार), अंतरा, बोलआलाप (शब्द घेऊन केलेले आलाप) आणि ताना बसत नाहीत. मुलं मग घाईघाईनं वर जातात. मात्रा ३ सेकंदांची केली की आवर्तन ३६ सेकंदांचं होतं आणि त्याच नऊ मिनिटांत पंधरा आवर्तनं मिळतात. लय अजून विलंबितच वाटते आणि आवर्तन भरताना दमही तुटत नाही.

त्या पंधरा आवर्तनांची वाटणी मी साधारण अशी करते. त्याआधी सुरुवातीचा औचार, म्हणजे तालाशिवायचा छोटा आलाप, एक मिनिटाचा, त्याहून मोठा नको. त्यात रागाचं नाव कळलं पाहिजे, बस. पहिल्या आवर्तनात स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पूर्ण. पुढची तीन खालचं मंद्र सप्तक आणि षड्जाभोवती, त्यापुढची तीन मध्य सप्तकात पंचमापर्यंत. आठव्या-नवव्या आवर्तनाला तार षड्ज लागला पाहिजे आणि लगेच अंतरा. राहिलेल्या पाच-सहा आवर्तनांत बोलआलाप, थोडी सरगम गळ्यात असेल तर, आणि शेवटी ताना. दहाव्या मिनिटाला द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, सुरू झालं म्हणजे झालं. द्रुत तीनतालाचं आवर्तन ४ सेकंदांचं धरलं तर चार मिनिटांत साठ आवर्तनं हाती येतात. ती पुरून उरतात. साडेचौदा मिनिटांना तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबायचं. घंटा वाजल्यावर शेवट शोधत बसलेलं गाणं फार केविलवाणं होतं, मग आधीची चौदा मिनिटं कितीही छान गेलेली असोत.

हे घड्याळ स्पर्धेत बघायचं नसतं. महिनाभर रोज संपूर्ण पंधरा मिनिटं गाऊन घेतलं की ते अंगात मुरतं.

सगळ्यात जास्त वेळ मी मुखड्यावर, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ आवर्तनाच्या शेवटी उचलून समेवर आणण्यावर, घालवते. विलंबित एकतालाचा ठेका आठवा: धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धिं ना. 'धागे तिरकिट' दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रेला. आलापात रमलेला विद्यार्थी पहिलं तिरकिट ऐकतो, त्याला ते दहाव्या मात्रेचं वाटतं, तो मुखडा उचलतो आणि समेऐवजी थेट सातव्या मात्रेवर, 'कत्'वर येऊन आदळतो. परीक्षकांच्या माना एकदम वर होतात. यावर उपाय म्हणजे तिरकिटच्या आधी काय वाजलं ते ऐकायला शिकवणं. आधी 'धिं धिं' असेल तर अजून अर्धं आवर्तन बाकी आहे. आधी 'कत् ता' असेल तर मुखड्याची वेळ झाली. मी तबलजीला नुसता ठेका धरायला सांगते, विद्यार्थ्याला डोळे मिटून मनाला येईल तेवढा आलाप करायला लावते आणि मुखडा नेमका अकराव्या मात्रेला, किंवा बंदिशीचा जिथून असेल तिथून, उचलून घेते. हातानं ताल धरायचा नाही. आठवडाभर फक्त एवढंच. ज्याला हे जमलं त्याचा चेहरा मंचावर मोकळा राहतो, आणि आवाजही.

बंदिशीचे शब्द कळले पाहिजेत. असोसिएशनच्या निकषांत स्वर, ताल, रागाची निवड, बंदिश आणि एकूण परिणाम यांकडे पाहिलं जातं, त्यामुळे बंदिश म्हणजे नुसता सांगाडा समजून चालत नाही. ब्रज भाषेतले शब्द आमच्या मुलांना परके असतात. अर्थ समजावून सांगितला की 'पिया' आणि 'जिया' यांची सरमिसळ होत नाही आणि शब्द कुठे तोडायचा तेही आपोआप कळतं.

वाद्यांकडे वळू. साथीला दोघंच म्हटल्यावर तबला आणि पेटी. तानपुरा स्वतः धरायचा किंवा यंत्रावर लावायचा. रियाज मात्र खऱ्या तानपुऱ्यावर व्हावा असा माझा आग्रह आहे, आणि आमच्या भागात तर त्याला सबबच नाही. मिरज हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. विभागातले तानपुरे महोत्सवाच्या आधी मिरजेला नेऊन त्यांची जवारी करून आणावी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज मोकळा करून घ्यावा, आणि सोबत विद्यार्थ्यांनाही न्यावं. घोडीचा पृष्ठभाग कारागीर कसा घासतो, तारेखालचा धागा केसभर सरकवला की बंद आवाज कसा उघडतो, हे ज्यानं एकदा पाहिलं तो पुढे तानपुरा लावताना कानानं ऐकतो. स्पर्धेच्या दिवशी मोबाइलमधला तानपुरा वापरणार असाल तर फोन विमान मोडवर टाका. गाण्याच्या मध्यात घरून फोन आला तर स्वर बंद पडतो. स्पीकर रात्री चार्ज करून ठेवा.

तबल्याच्या पट्टीचा विचार आधी करा. आमच्याकडे मुलं बहुधा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात आणि मुली काळी चार किंवा पाचमध्ये. काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे काळी एक. त्यामुळे मुलांसाठी लावलेला तबला काळी चारच्या गायिकेला मध्यमात चालून जातो आणि पाच मिनिटांत सगळं जुळवायची धांदल वाचते. भीमपलासात तर मध्यमच वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, तिथे हे सुंदर वाजतं. पण हीच सोय भूपात करता येणार नाही, त्यात मध्यम वर्ज्य. मुलतानीत मध्यम तीव्र, तिथे शुद्ध मध्यमातला तबला प्रत्येक समेवर रागाला छेद देईल. अशा वेळी पंचमात किंवा षड्जात लागणारा वेगळा तबला सोबत न्यावा लागतो. पेटीवाल्यालाही एक गोष्ट बजावून ठेवते: तोडी किंवा मुलतानीतला गंधार पेटीच्या पट्टीपेक्षा उतरलेला असतो, त्या स्वरावर गायक थांबला की पेटीनं हात हलका ठेवायचा. आणि गायकाच्या मागून जायचं, पुढे धावायचं नाही. तबला, पेटी आणि गायक यांच्या किमान आठ-दहा तालमी एकत्र व्हाव्यात. आदल्या दिवशी ठरवलेला साथीदार कितीही तयारीचा असला तरी त्याला या मुलीचा दम कुठे संपतो ते माहीत नसतं.

समूहगीताबद्दल थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं, दोन गाणी, त्यांतलं एक देशभक्तीपर. चित्रपटगीत चालत नाही. गुण फक्त गाण्याला असतात, पोशाखाला आणि हातवाऱ्यांना नाहीत. तरीही दरवर्षी फेट्यांच्या रंगावर दोन दिवस जातात. ते दिवस सहा गळ्यांचा 'आ'कार एकसारखा करण्यात घालवा. भारूड किंवा गोंधळ घेतलात तर ज्या गावात तो परंपरेनं होतो तिथल्या जाणत्याकडून चाल घ्या. संगीतसंयोजन करताना मूळ ठेका मोडू नका.

स्पर्धेच्या दिवशी विद्यार्थ्याला दीड तास आधी मंद्रात आवाज लावू द्या आणि गायला बसेपर्यंत इतरांचं गाणं ऐकू देऊ नका. आपल्याच रागात कुणी छान गाऊन गेलं की मुलं मांडणी बदलायला बघतात. नंतर मात्र सगळ्यांना ऐकायला बसवा.

निकालानंतर नोंद करणं हा तयारीचाच भाग मानावा. प्रमाणपत्रावरचं नाव, स्पर्धेचा स्तर, क्रमांक, तारीख लगेच तपासा, कारण चुकीचं नाव वर्षानंतर दुरुस्त करून मिळत नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात पाच वर्षांची बक्षिसं मागतात आणि सांघिक बक्षीस एकच धरलं जातं, सहा गायकांची सहा नव्हे. वार्षिक अहवालात विद्यार्थ्यासोबत साथीदारांची नावं द्या, समूहगीताला चाल ज्या शिक्षकानं लावली त्यांचं द्या, आणि विद्यार्थी बाहेर ज्या गुरूंकडे शिकतो त्यांचंही नाव द्याच. आठ वर्षं पहाटे उठून ज्यांनी पलटे घोटून घेतले त्यांचा उल्लेख न करता फोटोत प्राचार्य, विभागप्रमुख आणि चषक एवढंच छापलेलं मी पाहिलं आहे. मला ते अजिबात पटत नाही.

बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांना भेटायला विद्यार्थ्याला स्वतः पाठवा. बहुतेक परीक्षक मनापासून बोलतात. विचारायचं एवढंच: राग कुठे सुटला आणि लय कुठे हलली. उत्तर गाडीत बसल्या बसल्या वहीत लिहून घ्या आणि ध्वनिमुद्रण काढलं असेल तर ती जागा मिनिट-सेकंदासकट शोधून ठेवा. पुढच्या सोमवारचा तास तिथूनच सुरू करायचा.