ऑपरेशननंतरचा भ्रम टाळण्यासाठी ॲक्युपंक्चर: आईच्या वेळी मी काय केलं

अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. दुसऱ्या रात्री मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?" आणि हाताला कुणीतरी बांधून ठेवलंय म्हणत सलाईनची नळी ओढायला लागले. मला वाटलं, माणूस हातचा गेला. तो डिलिरियम होता. चार दिवसांत उतरला, पण त्या चार दिवसांत मी जे काही वाचलं, ते आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी कामाला आलं.

हा भ्रम बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो. सकाळी माणूस ठीक, संध्याकाळी बरळतोय, असं वरखाली होत राहतं. सगळेच काही आरडाओरडा करत नाहीत. काही जण नुसते गप्प पडून राहतात, आणि 'दमलेत, झोपू द्या' म्हणून तेच नजरेतून सुटतात.

आधी एक सांगते. ॲक्युपंक्चरनं हा भ्रम टळतो असं कुणी ठामपणे म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. काही अभ्यासांत सुयांमधून किंवा त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून, भूल देण्याच्या आधीपासून सौम्य विजेचे झटके दिले आणि भ्रमाचं प्रमाण कमी दिसलं. पण हे अभ्यास बरेचसे छोटे आहेत, आणि बहुतेक चीनमधले. मनगटावरच्या नेइग्वान या बिंदूचा ऑपरेशननंतरच्या मळमळीवर उपयोग होतो, याला मात्र बराच भक्कम पुरावा आहे. मळमळीवरची आणि झोपेची काही औषधंच म्हाताऱ्या माणसांना भरकटवतात, म्हणून मी सुरुवात मनगटापासून केली.

हा विषय भूलतज्ज्ञांकडे ऑपरेशनआधीच्या तपासणीतच काढा, आयत्या वेळी नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, हे न विचारताही सांगा. पेसमेकर असेल तर विजेचा प्रकार विसरा. सुया टोचायच्या असतील तर त्या प्रशिक्षित माणसानंच, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी, आणि डॉक्टरांना माहीत असताना. आमच्याकडे सुयांना नाही म्हणाले, बोटांनी दाबायला हो म्हणाले. मी वाद घातला नाही.

आता बिंदू. तळहात वर करायचा. मनगटाच्या घडीवर पेशंटचीच तीन बोटं आडवी ठेवायची, स्वतःची नाही. मी पहिल्यांदा इथंच चुकले. आईचा हात लहानखुरा, माझ्या बोटांनी मोजल्यावर जागा चांगली पाऊण बोट वर गेली होती. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधोमध, दोन दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. मूठ अर्धवट वळवायला सांगितली की त्या उठून दिसतात. त्यांच्या मधल्या खाचेत अंगठा. नख कापलेलं हवं. दोन-तीन मिनिटं, हळूहळू गोल फिरवत, जडसर ठणका जाणवेल इतपतच. दुखलं की सैल करायचं. म्हातारी कातडी पातळ असते, लगेच काळीनिळी पडते. सलाईन लावलेला, सुजलेला किंवा जखम असलेला हात सोडून द्यायचा.

दिवसातून तीन-चार वेळा मी हे करत होते, आणि सुरुवात ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी केली, म्हणजे नंतर गुंगीत तो स्पर्श तिला परका वाटला नाही. डोक्यावर, दोन्ही कानांच्या टोकांना जोडणारी रेघ जिथं मधोमध येते, तिथंही हलकं दाबता येतं. गुडघ्याखालच्या बिंदूचं नाव बरेच जण घेतात. ऑपरेशन झालेल्या पायाला मी हात लावला नाही, दुसऱ्याही नाही. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, तिथं चोळाचोळ नको.

आणि रात्री उठवून दाबू नका. मी उत्साहाच्या भरात पहाटे दोनला तो उद्योग केला आणि सिस्टरांची बोलणी खाल्ली. बरोबरच होतं त्यांचं. झोप मोडणं हे भ्रमाला आमंत्रणच.

दाबायला बसायच्या आधी चष्मा आणि कानातलं यंत्र लावायचं. अण्णांच्या वेळी दोन्ही पिशवीत राहिली होती. आजूबाजूचं धड दिसत नाही, ऐकू येत नाही, तर माणूस भरकटणारच. मग दाबता दाबता गप्पा: आज वार कोणता, ऑपरेशन कुठल्या पायाचं, खिडकीबाहेर ऊन आहे की अंधार. शेवटी मी आईला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावायचे. ही लक्ष तपासायची साधी युक्ती आहे, पण ऑपरेशनआधी तिला ते जमत होतं ना, हे बघून ठेवलेलं हवं.

दुसऱ्या संध्याकाळी ती "रविवार, शनिवार, शुक्रवार" म्हणाली, थांबली, आणि पुन्हा रविवारवर गेली. नजर माझ्यावर नव्हती, चादर चिमटीत धरून ओढत होती. अशा वेळी आणखी दाबत बसायचं नाही. मी हात सोडला आणि सिस्टरांना बोलावलं: "सकाळी नीट होती, तासाभरात बदललीये." याच शब्दांत सांगा, 'जरा विचित्र वागतेय' म्हणू नका. कॅथेटर दुपारी काढला होता आणि तेव्हापासून तिला लघवीच झाली नव्हती. ओटीपोट तटतटलं होतं. जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी होणं, न सांगितलेलं दुखणं, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं, आणि ते कुठल्याही बिंदूनं सुटत नाही.

लघवी मोकळी केल्यावर साडेनऊला पुन्हा विचारलं. सोमवारपर्यंत न अडखळता गेली, आणि म्हणाली, "आता हात सोड, झोपू दे मला."