मुलीचं नाव ‘प्राजक्ता’ ठेवताय? या चुका टाळा

बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा, त्यामुळे नावाचा अर्थ सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. भाचीचं नाव प्राजक्ता ठेवलं तेव्हा पाठीवरचे धपाटे थांबायच्या आत वहिनीच्या मावशींनी विचारलं, “म्हणजे काय गं?” मोबाईलवर वाचलेलं मी ठोकून दिलं, “सृष्टी निर्माण करणारी!” सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्थ साफ चुकीचा होता.

‘प्राज’ ऐकलं की ‘प्रजा’ आठवते आणि तिथून थेट प्रजापतीपर्यंत मजल जाते. ही पहिली चूक. संस्कृत कोश उघडलात तर आणखी फसाल, कारण तिथे ‘प्राजक’ सापडतो आणि त्याचा अर्थ आहे गाडी हाकणारा, सारथी. प्राजक्त हा शब्द मराठी तोंडात घडलेला आहे. मूळ संस्कृत पारिजातक. बोलता बोलता झिजून त्याचा प्राजक्त झाला. पारिजाताची जुनी फोड अशी, की ‘पारिन्’ म्हणजे समुद्र आणि त्यातून जन्मला तो पारिजात. समुद्रमंथनाची कथा या फोडीतच बसलेली आहे. तेव्हा कुणी विचारलं तर ‘प्राजक्ताच्या फुलासारखी’ एवढंच सांगा. ते खरं आहे आणि पुरेसंही.

‘प्राजक्ता नावाचं फूल’ असंही लिहू नका. झाड आणि फूल तो प्राजक्त. ‘आ’ मुलीसाठी लावलेला. घोळ का होतो ते सांगते. ‘प्राजक्ताचा सडा’ म्हणताना सामान्यरूपात तोच ‘आ’ येतो, आणि ‘प्राजक्ताचं दप्तर’ म्हणतानाही. कानाला दोन्ही सारखेच.

आता झाडांची गल्लत, आणि ही जरा मोठी आहे. जुन्या ग्रंथात ‘पारिजात’ दिसला की तो अंगणातला प्राजक्तच, असं धरून चालू नका. अमरकोशात पारिजातक हा स्वर्गातल्या पाच वृक्षांपैकी एक आहे, आणि वनस्पतींच्या वर्गात हेच नाव पांगाऱ्याच्या नावांत येतं. आपल्या नाजूक फुलाला संस्कृतात शेफालिका म्हणतात. म्हणजे शेफाली आणि बंगालची शिउली या अर्थाने प्राजक्ताच. ओळखीतलं एक जोडपं जुळ्या मुलींची नावं प्राजक्ता आणि शेफाली ठेवायला निघालं होतं. एकच नाव दोनदा ठेवताय म्हटल्यावर थांबलं. फोटोंचंही तेच. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळच्या किंतूर गावचा पूजनीय ‘पारिजात’ प्रत्यक्षात गोरखचिंच आहे. तो अवाढव्य बुंधा बारशाच्या पत्रिकेवर छापू नका.

घरात एखादे काका हमखास म्हणतात, “अगं, ते तर दुःखी झाड!” शास्त्रीय नाव त्यांनी वाचलेलं असतं: निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. पहिला शब्द रात्री फुलणारं फूल सांगतो, दुसरे दोन उदास झाड. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये हे नाव छापलं, पण उदासपण त्याच्या आधीचं आहे आणि त्याचा एक धागा थेट गोव्यात पोचतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात या झाडाला उदास झाडच म्हटलंय. त्याने ऐकलेली गोष्टही दिली आहे: एका बड्या सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, त्याने तिला सोडलं, तिने जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून फुलांना सूर्याचं तोंड बघवत नाही. काकांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि सोबत सत्यभामेचीही. झाड तिच्या अंगणात आणि फुलं पडतात रुक्मिणीच्या! शिवाय खाली पडलेली फुलं देवाला सहसा वाहत नाहीत, प्राजक्ताची मात्र चालतात. इतकी सूट कुठल्या फुलाला आहे?

अर्थ पाठ करण्याआधी एक फूल हातात घ्या. पहाटे, ऊन चढायच्या आत. भिंगरीसारख्या किंचित पिळलेल्या पांढऱ्या पाकळ्या आणि खाली केशरी देठ. तो देठ कागदावर घासला की पिवळा-केशरी ओरखडा उठतो. पूर्वी याच देठांनी कापड रंगवायचे. ओर्ताने तर ते जेवणात रंगासाठी वापरतात असंही नोंदवलंय.

शेवटची चूक कागदावरची. भाचीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत ‘जे’नंतरचा ‘ए’ राहिला आणि भावाने चार चकरा मारल्या. हल्ली काहीजण अंकशास्त्रासाठी शेवटी जादा ‘ए’ही लावतात, पुढे शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे तोच लावत बसावं लागतं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो आणि नोंदणीनंतर वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं. त्यामुळे घाईघाईत काहीही लिहून देऊ नका. खिडकीवर नाव तोंडी सांगण्यापेक्षा मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं ठळक अक्षरात चिठ्ठीवर लिहून न्या, आणि दाखला हातात पडला की खिडकी सोडायच्या आधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.