कृषी विस्ताराचे शिक्षण घेतले, पण प्राध्यापक व्हायचे नाही: तयारी कशी करावी

कृषी विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या शास्त्रात, पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून घरच्यांची अपेक्षा बहुधा एकच असते, ती म्हणजे त्याने प्राध्यापक व्हावे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या परिसरात हेच दिसते. अध्यापनाच्या जागा मात्र मोजक्या असतात. दुसरीकडे बँकांचे कृषी कर्ज विभाग, बियाणे कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या (शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपन्या) यांना शेतकऱ्याशी नीट बोलू शकणारी माणसे हवी असतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केल्यापासून अशा कंपन्यांचे व्यवस्थापकपद हा या विद्यार्थ्यांसाठी खरोखर विचार करण्याजोगा मार्ग झाला आहे, आणि माझ्या मते तोच त्यांच्या शिक्षणाला सर्वांत जवळचा आहे.

या विद्यार्थ्यांना बोलता येते. कच्चा राहतो तो हिशेब. सोयाबीन खरेदीचेच उदाहरण घ्या. समजा, १६ टक्के ओलावा असलेला १०० क्विंटल माल कंपनीने घेतला आणि तो १२ टक्क्यांवर वाळवून विकायचा आहे. घट ४ क्विंटल येईल, असे बहुतेक जण चटकन सांगतात. प्रत्यक्षात मालातील कोरडा भाग ८४ क्विंटलच राहतो आणि वाळल्यावर तो एकूण वजनाच्या ८८ टक्के असतो. म्हणजे ८४ भागिले ०.८८, सुमारे ९५.४५ क्विंटल माल उरतो आणि घट ४.५५ क्विंटल येते. भाव क्विंटलला ४,००० रुपये धरला, तर या अर्ध्या क्विंटलच्या चुकीने दर १०० क्विंटलमागे सुमारे २,२०० रुपये जातात, आणि हमाली, तोलाई, बारदाना व वाहतूक यांचा खर्च त्याखेरीज असतो. म्हणून शिक्षण चालू असतानाच जवळच्या बाजार समितीत हंगामात चार-पाच दिवस काट्याजवळ उभे राहावे, ओलावा कसा मोजतात ते पाहावे, आणि एका गाडीचा पूर्ण हिशेब एक्सेलमध्ये स्वतः मांडून अनुभवी माणसाकडून तपासून घ्यावा.

दुसरे कौशल्य सभा चालवण्याचे. उत्पादक कंपनीत किमान ५ संचालक असतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. गावच्या बैठकीत पुढच्या खुर्च्यांवरचे चार जण बोलतात. मागे बसलेल्या महिला आणि अल्पभूधारक गप्प राहतात, पण माल देणाऱ्यांत तेही असतात. त्यांचे म्हणणे बैठकीपूर्वी घरी जाऊन ऐकावे आणि त्यांच्या परवानगीने सभेत मांडावे. त्याच संध्याकाळी इतिवृत्त लिहावे: काय ठरले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘सविस्तर चर्चा झाली’ या वाक्याचा पुढे कोणालाही उपयोग होत नाही.

लेखनाचा सराव वेगळा करावा लागतो, कारण प्रबंधाची भाषा बँकेत चालत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला खेळते भांडवल किती लागेल, ते कधी फिरेल आणि परतफेड कशातून होईल, हे एका पानात हवे असते. खरेदीदाराला पाठवायचा इंग्रजी ईमेल पाच ओळींत लिहिता आला पाहिजे.

स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तर कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही केंद्राची योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या मॅनेज, म्हणजे राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेमार्फत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण त्यात मोफत मिळते.

अर्ज करताना ‘संवादकौशल्य उत्तम’ असे लिहू नये. पदवीच्या काळातील ‘रावे’ची, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाची वही काढावी आणि किती शेतकऱ्यांकडे गेलात, कोणते प्रात्यक्षिक घेतले, किती जणांनी पुढच्या हंगामात ते स्वतः केले, हे आकड्यांत लिहावे. कोणीच केले नसेल तर त्याचे कारण लिहावे, आणि सोबत स्वतः मांडलेल्या त्या एका गाडीच्या हिशेबाचे पान जोडावे.