थाई शिकताना ओळखीचा वाटलेला ‘रोग’

थाई भाषेत रोगाला ‘रोक’, चित्ताला ‘चित्’ आणि विषाला ‘फित्’ म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाला सुरुवातीचे काही महिने ही भाषा अगदी घरची वाटते. माझी फसगत नेमकी तिथेच झाली. बँकॉकमधल्या वर्गात एका सहाध्यायिनीच्या भावाच्या मानसिक आजाराची मी ‘रोक चित्’ म्हणून विचारपूस केली आणि तिचा चेहरा उतरला. फोड केली तर या शब्दात ‘मनाचा रोग’ याखेरीज काही नाही आणि वैद्यकातही तो चालतो. परंतु बोलण्यात मात्र तो विकृत, बायकांच्या वाटेला जाणाऱ्या माणसाला दिलेली शिवी असतो. रुग्णाविषयी बोलायचे असेल, तर ‘फू पुअय चित्तवेत’ म्हणावे. मूळ ओळखीचे निघाले म्हणून शब्दकोश मिटू नका. तो शब्द भांडणात कोण कोणाला म्हणते, हे आधी विचारा. संस्कृत-थाई साम्याच्या याद्या पाठ करणे मला आजही घातकच वाटते.

घाबरून मात्र जाऊ नका, कारण रोगांच्या शब्दांवरून निघालेली अशी रूपके पुढे फार आनंद देतात. मला ती प्राध्यापकांपेक्षा खाणावळीच्या मालकीणबाईंनी अधिक शिकवली. रक्तक्षयाला थाईत ‘लोहित चाङ’, म्हणजे रक्त पातळ होणे, म्हणतात. त्यावरून खिसा रिकामा असलेला माणूस आपल्याला ‘रोक सप् चाङ’, म्हणजे द्रव्य पातळ होण्याचा रोग, झाल्याचे हसत सांगतो. प्रेमात झुरणाऱ्याला ‘खाय चाय’, म्हणजे मनाचा ताप, येतो. इथे स्वर चुकला तर तापाचे अंडे होते, आणि माझे ते अनेकदा झाले आहे. विषाचेही तसेच. 2 जुलै 1997 रोजी थायलंडचे चलन बाट डॉलरशी बांधलेल्या दरातून सुटले आणि डॉलरला सुमारे 25 बाट असलेला भाव जानेवारी 1998 पर्यंत पन्नाशीपलीकडे गेला. त्या पडझडीची झळ लोक अजूनही ‘फित् तोम याम कुङ’, म्हणजे कोळंबीच्या आंबट-तिखट सुपाचे विष, या नावाने सांगतात.

‘हा’ हा शब्द तेवढा ऐकून ओळखा, तोंडातून काढू नका. 1820 साली बँकॉकमध्ये थैमान घालणाऱ्या पटकीसारख्या साथींचे ते नाव आज अत्यंत असभ्य शिवी आहे. सहाध्यायिनीची क्षमा मी ‘खो थोत’ म्हणून मागितली. त्यातला ‘थोत’ म्हणजे आपला ‘दोष’ आहे, हे मला त्यानंतर पुष्कळ दिवसांनी कळले.